तिकीट स्वस्त, काउंटर महाग

विमानाच्या तिकिटाची जाहिरात आणि प्रत्यक्षात खिशातून जाणारी रक्कम यांत जे अंतर पडते, त्याविषयी या पानाकडे वारंवार विचारणा होते. विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, शारजा, दुबई, दम्माम, जेद्दा, मस्कत, कुवेत इथे नोकरीला असलेले आणि वर्षा-दोन वर्षांनी घरी येणारे आपले बांधव. दुसरे, मालाच्या खरेदी-विक्रीसाठी दिल्ली, कोलकाता, बंगळूर अशी धावपळ करणारे छोटे व्यापारी. दोघांची तक्रार एकच. तिकीट स्वस्त म्हणून घेतले आणि विमानात बसेपर्यंत ते महाग झाले. ही लूट आहे काय, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की काही रकमा लूट नाहीत, काही जवळजवळ लूटच आहेत, आणि यांतला फरक ज्याला कळला त्याचे निम्मे पैसे वाचतात.

आधी धंदा समजून घेऊ. आपल्या देशात स्वस्त विमानप्रवास २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने सुरू केला. एक रुपयाचे तिकीट ही त्यांचीच करामत. त्याच साली शारजाहून एअर अरेबिया उडाली. २००५ मध्ये स्पाइसजेट, गोएअर आणि आखाती मार्गासाठी एअर इंडिया एक्सप्रेस आली, २००६ मध्ये इंडिगो, २००९ मध्ये फ्लायदुबई. यांतल्या किती टिकल्या तेही पाहा. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली, किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, गोएअर 'गो फर्स्ट' असे नाव घेऊन मे २०२३ मध्ये थांबली. म्हणजे या धंद्यात नफा फार पातळ आहे. कंपनी शक्यतो एकाच जातीची विमाने वापरते, उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवते, जेवण फुकट देत नाही, आणि नुसत्या सीटचा भाव लावते. बाकी प्रत्येक गोष्टीचा भाव वेगळा. विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अशा सुट्या सेवांचे वेगळे पैसे घेण्यास २०१५ मध्ये रीतसर परवानगी दिलेली आहे.

यात तत्त्वतः काही वाईट आहे असे आम्हाला वाटत नाही. भिवंडीत कापडाचा भाव वेगळा, पॅकिंग वेगळे, हमाली वेगळी, गाडीभाडे वेगळे, हे कोणत्या व्यापाऱ्याला माहीत नाही? ज्याची स्वतःची गाडी आहे त्याने भाड्याचे पैसे का द्यावेत? एका दिवसासाठी हातात एक पिशवी घेऊन दिल्लीला जाणाऱ्याने दुसऱ्याच्या तीस किलोंच्या पेटीचा खर्च का सोसावा? फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएने सामान न नेणाऱ्याला कमी भाड्याचे तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना दिली, तीही आम्हाला योग्यच वाटते.

पण हमालीचा दर माल उचलण्याआधी सांगतात. माल गाडीत चढल्यावर, गाडी सुटायला पाच मिनिटे असताना सांगत नाहीत. विमान कंपन्यांशी आमचे भांडण इथे आहे.

सामानाचेच घ्या. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलोंची एक पिशवी हातात, एवढे भाड्यात धरलेले असते. त्याच्या वरचे वजन आधी, घरबसल्या विकत घेतले तर एक दर आणि काउंटरवर घेतले तर दुसरा, बराच चढा दर. २०१६ मध्ये डीजीसीएने असे ठरवले होते की १५ ते २० किलोंपर्यंतच्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांहून अधिक घेता येणार नाहीत. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द ठरवली. भाडे व शुल्क ठरवण्याचा अधिकार कंपनीचा, हा मुद्दा टिकला. पुढच्या वर्षभरात अनेक कंपन्यांचा काउंटरवरचा दर किलोमागे ४०० रुपयांवर गेला. समजा, पाच किलो जास्त झाले. त्या दराने दोन हजार रुपये झाले, आणि तिकीट असते तीन साडेतीन हजारांचे. पाच किलो वजन माणसाच्या निम्म्याहून अधिक भाड्याएवढे कसे पडते, याचे उत्तर इंधनाच्या हिशेबात मिळत नाही. ते फक्त प्रवाशाच्या अडचणीत मिळते. मागे रांग उभी आहे, विमान सुटणार आहे, सामान टाकून जाता येत नाही. अडलेल्याकडून घेतलेला भाव आणि बाजारभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आखाती मार्गावर हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा होतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातला माणूस दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याच्या पेटीत आईसाठी कंबल, बहिणीच्या लग्नाचे कापड, मुलांची खेळणी, खजूर, दुधाच्या पावडरीचे डबे असे सगळे असते. ती पेटी म्हणजे त्याच्या दोन वर्षांच्या गैरहजेरीची भरपाई असते. काउंटरवर सहा किलो जास्त भरले की तो तिथेच जमिनीवर बसून पेटी सोडतो आणि चारचौघांसमोर ठरवतो की कोणासाठी आणलेली वस्तू मागे ठेवायची. हा देखावा आखातातल्या कोणत्याही विमानतळावर, सुटीच्या हंगामात, रोज पाहायला मिळतो. त्या माणसाने काही गुन्हा केलेला नसतो. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता, एवढेच.

म्हणून पहिली आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे काटा. हातात धरून बॅग टांगायचा छोटा काटा कुठल्याही बाजारात काही शे रुपयांत मिळतो. एका खोलीत आठ-दहा जण राहत असतील तर सर्वांत मिळून एक पुरे. पेटी भरून झाल्यावर वजन करा आणि ठरलेल्या वजनाच्या किलोभर आतच राहा, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडा फरक पडतोच. वजन वाढणारच असेल तर आदल्या दिवसापर्यंत जादा किलो विकत घ्या. पाच, दहा, पंधरा किलो असे गठ्ठ्याने मिळतात आणि काउंटरच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. आणखी एक, पेटीचा आकार. दुबई विमानतळाने मार्च २०१७ पासून गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराचे, एकही सपाट बाजू नसलेले सामान नाकारायला सुरुवात केली. जेद्दालाही दोरीने बांधलेले आणि कापडात गुंडाळलेले बोचके चालत नाही. मग तिथेच नवीन खोका, नवीन पट्टी, त्याचे वेगळे पैसे. आपल्याकडच्या सुतळीच्या बांधणीवर कितीही विश्वास असला तरी तिथल्या यंत्राचा नाही.

किती किलो मोफत, हे मात्र गृहीत धरू नका. एकाच मार्गावर कंपनीगणिक, एकाच कंपनीत तिकिटाच्या प्रकारागणिक ते बदलते, आणि मध्येच बदलतेही. ऑगस्ट २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसने अमिरातीच्या मार्गावर ३० किलोंची मर्यादा २० वर आणली होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आखाती मार्गांसाठी पुन्हा ३० किलोंची घोषणा झाली. मधल्या काळात 'आपल्याला तीसच असतात' या भरवशावर निघालेल्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. तिकिटावर छापलेला आकडा हाच खरा, शेजाऱ्याने गेल्या वर्षी सांगितलेला नव्हे.

उमऱ्याहून परतणाऱ्यांसाठी झमझमची बाब वेगळी. ५ लिटरचा सीलबंद अधिकृत खोका विमानतळावरून घ्यावा आणि स्वतंत्रपणे द्यावा. बॅगेत कपड्यांच्या आत बाटल्या कोंबल्या तर त्या बाहेर काढायला लावतात, आणि वजनही वाढलेले असते. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाने जेद्दाच्या दोन उड्डाणांवर लहान विमान आल्याचे कारण देऊन झमझमचे डबे नेण्यास मनाई केली होती. ओरड झाली, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि मनाई मागे घेतली. एकत्रितपणे केलेल्या रास्त तक्रारीची दखल घेतली जाते, याचे हे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशा शहरांतल्या लोकांची एक खास फसगत होते. जेद्दा ते मुंबई एक तिकीट, मुंबई ते घर दुसरे, स्वस्त पडले म्हणून वेगळ्या कंपनीचे. पहिल्या तिकिटावर ३० किलो, दुसऱ्यावर १५. मुंबईला उतरल्यावर उरलेल्या १५ किलोंचे पैसे भरताना तिकिटात वाचलेले सगळे जाते आणि वर पदरचे जाते. शिवाय पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. शक्यतो एकाच तिकिटावर शेवटपर्यंत यावे. ते महाग वाटत असेल तर मुंबईहून रेल्वे धरावी. स्लीपरच्या डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते, ही गोष्ट विमानाच्या झगमगाटात आपण विसरत चाललो आहोत. कोकणात जाणाऱ्यांना तर तोच सरळ रस्ता आहे.

आता पडद्यावरच्या खर्चाकडे वळू. तिकीट काढताना मोबाइलवर एकामागून एक पाने येतात. सीट निवडा, जेवण निवडा, विमा घ्या, रांगेत पुढे उभे राहा, तुमची बॅग आधी येईल. यांतले जवळजवळ काहीही घेणे बंधनकारक नाही. सीट निवडली नाही तरी काउंटरवर सीट मिळतेच. फक्त मधली मिळेल. लहान मुले सोबत असतील तर घाबरून सीट विकत घेऊ नका. एकाच तिकिटावरच्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी बसवावे, असे डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. काउंटरवर बोर्डिंग पास छापून देण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. करोनाच्या काळात काही कंपन्या त्याचे २०० रुपये घेत होत्या, ते नियमबाह्य असल्याचे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २१ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले. आणि शेवटच्या पानावर, पैसे भरण्याआधी, एकदा बोटाने वरपर्यंत सरकवून पाहावे की आपण न मागितलेले काही टोपलीत पडले आहे काय. न मागता वस्तू जोडणे, आणि भाव शेवटपर्यंत थेंबाथेंबाने वाढवत नेणे, हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रीती म्हणून नोंदवले आहेत. 'सुविधा शुल्क' नावाची रक्कम मात्र अजून निर्धास्तपणे घेतली जाते, माणशी आणि प्रत्येक फेरीमागे, आणि तिकीट रद्द केले तरी परत मिळत नाही. आपण आपल्या मोबाइलवर आपलेच तिकीट आपल्याच बोटाने काढायचे, यात सुविधा कोणाची झाली हे आम्हाला अद्याप समजलेले नाही.

काही रकमा टाळता येत नाहीत, पण निवडता येतात. नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथून देशात कुठेही जाणाऱ्या प्रवाशावर ६२० रुपयांचे वापर शुल्क होते; मुंबईच्या जुन्या विमानतळावर मे २०२५ पासून ते १७५ होते. पनवेल-उरणच्या माणसाला टॅक्सीचे वाचले तर नवी मुंबई परवडते, मिरा रोडच्या माणसाला कदाचित नाही. भाडे पाहताना हा हिशेबही करावा.

नावाचा घोळ ही आपल्या समाजातली विशेष अडचण आहे. मोहम्मद या एका नावाची स्पेलिंग आधार कार्डावर एक, पासपोर्टवर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी आणि एजंटाच्या वहीत चौथी असते. कोणी आडनाव लावतो, कोणी वडिलांचे नाव लावतो, कोणी दोन्ही सोडून देतो. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली, त्यात कित्येकांची तिकिटे वाया गेली. तिकीट हातात पडताच पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. त्याच व्यक्तीच्या नावातली चूक २४ तासांच्या आत दाखवली तर दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत, हे २०१९ च्या प्रवासी सनदेत आहे. आठवड्याने दाखवली तर नवीन तिकिटाएवढा भुर्दंड पडू शकतो. याच सनदेने प्रवासाला सात दिवस किंवा अधिक अवकाश असताना काढलेले तिकीट २४ तासांत विनाशुल्क रद्द करण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ही मुदत ४८ तास करण्याचा प्रस्ताव मांडला.

रद्द केलेल्या तिकिटाविषयी आम्हाला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे लोक हक्काचे पैसे सोडून देतात. 'नॉन-रिफंडेबल' असा शब्द तिकिटावर पाहिला की आपण हात झटकतो. वस्तुतः डीजीसीएचा २०१६ चा नियम असा की रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये, आणि सरकारी कर व विमानतळाची शुल्के प्रत्येक परिस्थितीत परत दिली पाहिजेत. तिकीट सवलतीचे असो, परत न मिळणारे असो, किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो. आखाती तिकिटावर ही शुल्के आणि कर मिळून चांगली रक्कम होते. विमान चुकलेल्यांपैकी किती जण ती मागतात? तिकीट एजंटाकडून घेतले असले तरी परतफेडीची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी, असे नियम सांगतो.

एजंटांविषयी लिहिताना आम्ही जपून लिहितो, कारण मोहल्ल्यातले कित्येक प्रामाणिक तरुण या धंद्यात आहेत आणि अशिक्षित मजुराचा व्हिसापासून विमानापर्यंत तेच आधार असतात. परंतु एक रीत बंद व्हायला हवी. तिकिटावर प्रवाशाचा मोबाइल नंबर न घालता स्वतःचा नंबर आणि ईमेल घालायचा. मग विमानाची वेळ बदलली, सामानाची मर्यादा बदलली, पैसे परत आले, सगळे निरोप एजंटाला जातात आणि प्रवासी अंधारात राहतो. ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून हे केले जाते, आम्हाला माहीत आहे. पण गिऱ्हाईक टिकवायची ही पद्धत नव्हे. तसेच विनासामानाचे स्वस्त तिकीट काढून गिऱ्हाइकाला फक्त भाव सांगायचा, सामानाचा उल्लेखच नाही, हेही सर्रास चालते. एजंटाकडे पैसे देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: बॅगेसकट एकूण किती, आणि तिकिटावर माझा नंबर आहे काय.

दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. वजन करताना हातातली दुसरी पिशवी खांबाआड भाच्याकडे ठेवायची, काट्यावर पेटी ठेवून पायाच्या अंगठ्याने कोपरा उचलून धरायचा, अंगावर तीन जाकिटे चढवून उन्हाळ्यात घाम गाळत उभे राहायचे. यांतले तिसरे फक्त हास्यास्पद आहे, पहिली दोन मापात पाप आहेत. कंपनी दुप्पट घेते म्हणून आपण काटा मारावा, हे समर्थन किराणा दुकानदाराने केले तर आपण ऐकून घेऊ काय?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. युरोपात रायनएअरने विमानतळावर चेक-इन करणाऱ्याकडून ५५ युरो घेण्यापर्यंत मजल मारली, आणि मोठी पिशवी पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारे बक्षीस नोव्हेंबर २०२५ पासून दीड युरोवरून अडीच युरो करण्याचे ठरवले. अमेरिकी सिनेटच्या एका समितीने २०२४ मध्ये उघड केले की स्पिरिट आणि फ्रंटियर या दोन कंपन्यांनी २०२२ व २०२३ या दोन वर्षांत अशाच कामासाठी २ कोटी ६० लाख डॉलर वाटले होते. ज्या नोकराला प्रवाशाच्या चुकीवर कमिशन मिळते तो प्रवाशाला वेळेत सावध कशाला करील? मात्र तिथली सरकारे गप्प बसलेली नाहीत. हातातल्या वाजवी पिशवीचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध लढत आहेत, ते लढोत.

आपल्या डीजीसीएकडून आमची अपेक्षा याहून साधी आहे. तिकिटाच्या पहिल्याच पानावर एकूण रक्कम एका ओळीत दिसावी, तिच्या खाली मोफत वजन आणि काउंटरवरचा किलोचा दर तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा, आणि ते मराठी, हिंदी, उर्दू यांपैकी प्रवाशाला वाचता येईल अशा भाषेतही मिळावे. प्रत्येक विमानतळाच्या दाराशी, काउंटरच्या बऱ्याच आधी, प्रवाशांसाठी मोफत काटा असावा. काउंटरवरच्या दराला न्यायालयाने नाकारलेली जुनी १०० रुपयांची मर्यादा परत आणता येत नसेल, तर आधी घेतलेल्या दराच्या अमुक पटीहून अधिक नको, असा तरी नियम व्हावा. इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये लावलेला इंधन आकार इंधन उतरताच ४ जानेवारी २०२४ रोजी काढून घेतला होता. कंपन्यांना दर खाली आणणे जमत नाही, असे नाही.

तोपर्यंत ज्यांच्याकडून चुकीचे पैसे घेतले गेले असतील त्यांनी काउंटरवर वाद घालून विमान चुकवू नये. पैसे भरावेत, पावती मागावी, पावतीवर कशाचे पैसे ते लिहून घ्यावे, आणि घरी पोहोचल्यावर आधी कंपनीकडे, मग मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या तक्रार केंद्राकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिकिटाचा पीएनआर क्रमांक, पावती आणि बॅगेवर लावलेली चिठ्ठी या तीन गोष्टी तोवर टाकून देऊ नयेत.